नाकारलेले अठरा

प्रोफेसर स्काल्दाफेरींनी पेनाचं टोपण काढलं, दोनातासमोरचा कागद आपल्याकडे ओढला आणि तिने काढलेल्या तुळईच्या आकृतीवरून एकदा बोट फिरवलं.

"अठरा," ते म्हणाले. "घेता?"

तीसपैकी अठरा म्हणजे काठावर पास. सतराला घरी. आमच्याकडे तोंडी परीक्षा चारचौघांत होते, ज्याला ऐकायचंय त्याने मागे येऊन बसावं. आणि मार्क पटले नाहीत तर विद्यार्थ्याने सरळ नको म्हणावं, पुढच्या तारखेला पुन्हा यावं, हाही आमच्याकडचा जुना रिवाज. हुशार पोरं सत्तावीस नाकारतात, कारण त्यांना तीसच हवे असतात. अठरा नाकारणारं माणूस मात्र त्या हॉलमध्ये कुणी पाहिलं नव्हतं.

दोनाता अब्रुझेसे तीस वर्षांची होती. तिने इंजिनिअरिंगला नाव घातलं तेव्हा तिच्या वर्गात असलेली पोरं आता पूल बांधत होती, काही तर त्या पुलांची दुरुस्तीही करत होती. तिचे बाकीचे सगळे विषय सुटले होते. हा एकच राहिला होता, तुळया, खांब आणि त्यांच्यावरच्या भाराचा. पाच वेळा ती या परीक्षेला निघाली होती. दोनदा पहाटेची बस उशिरा पोचली आणि नाव पुकारून झालं होतं, तीनदा नापास. आज सहावी खेप. या सप्टेंबरनंतर जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. ज्याचा हा विषय राहील त्याने पहिल्या वर्षापासून नव्याने सुरुवात करायची, म्हणजे थोडक्यात घरी बसायचं.

"घेते" एवढा एक शब्द बोलायचा होता. तो तिच्या जिभेवर आलाही होता.

स्काल्दाफेरींनी पेन रजिस्टरवर टेकवलं आणि सहज म्हणाले, "तुमचे वडील भेटून गेले मागच्या आठवड्यात. सरळ माणूस आहे."

दोनाताने तोंड मिटलं.

सकाळपासून तिला एक गोष्ट कळत नव्हती. पहाटेची बस बंद होऊन दोन वर्षं झाली होती, आता गावातून पहिली बस सव्वाआठची. ती शहरात पोचते साडेदहाला. परीक्षा सुरू होते नऊला आणि नावं घेतात वर्णानुक्रमाने. अब्रुझेसे म्हणजे पहिलंच नाव. पहाटेची बस बंद झाल्यापासून ती आदल्या दिवशी येऊन रोकीना नावाच्या मैत्रिणीकडे मुक्काम करायची. पण हिवाळ्यात बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून सकाळचं चीज तिच्याशिवाय होत नव्हतं. उकळत्या पाण्यात नासवलेल्या दुधाचा गोळा ताणायचा, वळायचा, बांधायचा, हे एका हाताचं काम नव्हे. भाऊ जर्मनीत. आईची कंबर गेलेली. आज ती जाणारच नव्हती, पण बाबाच मागे लागले होते.

"सव्वाआठची धर. घाई करू नकोस. पोचशील."

यांना परीक्षा म्हणजे बाजार वाटतो, केव्हाही जावं, असं मनात म्हणत ती निघाली होती. जिने धावत चढून हॉलपाशी आली तर दारावरच्या यादीत तिचं नाव बाविसावं. तिने देवाचे आभार मानले होते. आता तिला कळलं की देवाचा यात काही संबंध नव्हता.

शिवाय चीजच्या खोलीतल्या आडव्या काठीवरची एक जोडी नाहीशी झाली होती. आमच्याकडे हे चीज पेरूएवढं नाही, चांगलं भोपळ्याएवढं असतं आणि दोन-दोन दोरीने बांधून काठीवर टांगतात. सात महिने मुरलेली, बाबांनी कुणाला हात लावू न दिलेली जोडी. कुणाला दिली विचारल्यावर ते म्हणाले होते, "दिली एकाला."

आमच्या मुलखात वशिल्याशिवाय पान हलत नाही असं सगळेच म्हणतात. दवाखान्यात खाट हवी, चीज घेऊन जा. नळाची जोडणी हवी, चीज घेऊन जा. दोनाताला या गोष्टीची लहानपणापासून चीड होती. पाच वर्षांपूर्वी मामा म्हणाला होता, त्या प्रोफेसरच्या मेहुणीला मी ओळखतो, एक शब्द टाकू का. तेव्हा तिने ताटावरून उठून दार आपटलं होतं. उद्या मी बांधलेल्या छताखाली माणसं झोपतील, ती काय वशिल्यावर झोपणार का, असं ती ओरडली होती. मामा वर्षभर घरी आला नव्हता.

आणि आज स्काल्दाफेरींनी तिला दोनच प्रश्न विचारले होते. इतरांना तीन विचारतात. पहिला प्रश्न, एका टोकाला भिंतीत रुतवलेली तुळई, तो तिने न अडखळता सोडवला. दुसऱ्यात बारीक खांब भाराखाली केव्हा वाकतो हे सांगताना ती मध्येच अडकली, खोडलं, पुन्हा मांडलं, उत्तरापर्यंत पोचली. तिसरा प्रश्न आलाच नाही. आता तिला वाटलं, कशाला येईल? चीज पोचलं होतं ना.

डोक्यात तिडीक गेली. मागे बसलेली तीस पोरं तिला एकाएकी साक्षीदारांसारखी वाटायला लागली.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"मार्क. मी नाकारते."

मागे कुणीतरी हसू दाबलं.

स्काल्दाफेरींनी चष्मा काढला. "सिन्योरा, सप्टेंबरची एकच तारीख उरलीय. नऊ तारीख. त्यानंतर मीसुद्धा काही करू शकणार नाही."

"मला माहीत आहे."

"जास्त हवेत? तुमच्या सरासरीला त्याने काही फरक..."

"जास्त नकोत. माझे हवेत."

त्यांना काही कळलं नाही हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग आकृतीकडे, आणि कागद तिच्याकडे परत सरकवला. रजिस्टरमध्ये त्यांनी काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि तेविसावं नाव पुकारलं.

बाहेर व्हरांड्यात रोकीनाने तिला गाठलं. ती पास होऊन याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली होती आणि मैत्रिणीची परीक्षा ऐकायला मागे येऊन बसली होती.

"तुझं डोकं फिरलंय का? हातातोंडाशी आलेला घास, आणि तू थुंकून टाकलास?"

"तो घास माझा नव्हता."

"मग कुणाचा होता? मी ऐकत होते ना. तू नीट सांगितलंस."

"रोकी, माझे वडील चीज देऊन आलेत त्यांना."

आमच्याकडे या वाक्यावर कुणी वाद घालत नाही. रोकीना एवढंच म्हणाली, "तरी घ्यायचे होतेस. सगळेच घेतात. पदवीवर चीजचा वास येत नाही."

"मला आला असता. आयुष्यभर वशिल्याचं तट्टू म्हणून वावरायचं? मी नाही."

परतीच्या बसमध्ये दोनाताला फार बरं वाटत होतं, हे सांगायलाच हवं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती त्या इमारतीतून मान ताठ ठेवून बाहेर पडली होती. तिने पिशवीतून वही काढून मांडीवर ठेवली आणि सप्टेंबरपर्यंतचे आठवडे मोजले, अकरा. बारीक खांबांचं प्रकरण पुन्हा मुळापासून करायचं, रोज दुपारी दोन तास, काहीही होवो. खिडकीबाहेर गहू कापून झालेले डोंगर मागे जात होते. बाबांना काय सुनवायचं तेही तिने जुळवून ठेवलं.

ती पोचली तेव्हा कानिओ अब्रुझेसे अंगणात एका हाताने दुधाच्या कॅन धूत होते, दुसरा हात अजून छातीशी धरलेला. आई वितीना दारातल्या खुर्चीवर शेंगा सोलत बसली होती. दोघांनी एकदमच वर पाहिलं.

"किती?" आईने विचारलं.

"अठरा दिले होते."

वितीनाच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तिने छातीवर क्रूस केला आणि रडायलाच लागली. "सुटलीस गं पोरी. सुटलीस एकदाची."

"मी नाकारले, आई."

रडणं थांबलं. "काय केलंस?"

"बाबांना विचार. प्रोफेसरांना चीज कुणी नेऊन दिलं ते विचार." ती कानिओंकडे वळली. तयार करून आणलेली सगळी वाक्यं एकदम बाहेर पडली. "अकरा वर्षं मी कुणापुढे हात पसरला नाही. नापास झाले, पण माझ्या अकलेने झाले. आणि तुम्ही मला विकत पास करायला निघालात? दोन चीज, एवढीच माझी किंमत?"

कानिओंनी कॅन खाली ठेवली. ओला हात पँटला पुसला.

"मार्कांचा मसुद्धा मी काढला नाही," ते म्हणाले.

"मग काय हवापाण्याच्या गप्पा मारल्यात?"

"बसचं सांगितलं." ते सावकाश बोलत होते, दुधाच्या हिशेबापलीकडे फार बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे. "म्हटलं, माझा खांदा गेलाय, पोरगी सकाळी माझ्या जागी उभी असते, बस साडेदहाला येते. तिचं नाव पहिलं असतं, तेवढं खाली घ्या. दुसरं काही नको. ते म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं, यात काय मोठंसं, कितीजण सांगतात. बास. पाच मिनिटंसुद्धा नाही झाली."

"आणि चीज?"

"घेतलं नाही त्यांनी. हातच लावला नाही. म्हणाले, हे घेतलं तर तुमच्या मुलीची परीक्षा मला घेता यायची नाही. मग परत कुठे ओझं वागवत आणू एका हाताने, खाली दारावरच्या माणसाला दिलं." कानिओ थोडे ओशाळले. "तो खूश झाला."

दोनाता उभीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे तो कागद आला. दुसऱ्या प्रश्नात खोडलेली ओळ, त्याखालची बरोबर ओळ. चूक तिने स्वतःच सुधारली होती, पास करायला त्यांना तेवढं पुरलं, म्हणून तिसरा प्रश्न आला नव्हता. मार्क तिचेच होते. ते तिने स्वतःच्या तोंडाने परत केले होते.

ती पायरीवर बसली. मग ती रडली. आवाज न करता, बराच वेळ. वितीनाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिच्या जिभेला धीर नव्हता.

"मेली एकदा तोंड उघडून विचारायची तरी. बाप तसाच आणि लेक तशीच. एक सांगत नाही, दुसरी विचारत नाही. मी कुठल्या खडकांत येऊन पडले."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" दोनाताने विचारलं.

"तू जाऊ दिलं असतंस?"

मामाच्या वेळी आपटलेल्या दाराची कडी अजून नीट लागत नव्हती.

कानिओ तिच्या शेजारी पायरीवर बसले. दुखऱ्या खांद्याच्या बाजूने टेकता येईना म्हणून जरा वाकडे बसले.

"अठरा म्हणजे अगदी काठावर ना?" त्यांनी विचारलं.

"काठावर."

"पण पास."

"पास."

ते यावर विचार करत होते. आपल्या पोरीला तो विषय येतो, ही गोष्ट त्या घरात आज पहिल्यांदा कुणातरी बाहेरच्या माणसाने सांगितली होती, आणि तीही फुकट. दोनाताच्याही हे हळूहळू ध्यानात येत होतं. तिने नाक पुसलं, वही काढली, खांबांचं प्रकरण उघडलं. परीक्षेत जिथे ती अडकली होती ती ओळ तिला न बघता आठवत होती. वहीत ताडून पाहिली तर बरोबर निघाली.

"आता केव्हा?" कानिओंनी विचारलं.

"नऊ सप्टेंबर. शेवटची."

"तेव्हाही बस साडेदहालाच येईल."

"हो."

आत दूध चुलीवर होतं. वितीना पुटपुटत उठली आणि बघायला गेली. कानिओ तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी पुन्हा जाऊन सांगू का त्यांना? रागावणार नसशील तर."

दोनाताने वहीतली ओळ पूर्ण वाचून संपवली.

"सांगा," ती म्हणाली. "आणि मलाही न्या बरोबर."