एका बातमीचे दोन मथळे

मथळेकाराच्या घरी आठवडाभर रात्रीचं जेवण दोनदा वाढलं जात होतं. आधी बाबा जेवायचे, ते उठले की काका. जन्मभर एका टेबलाशी जेवलेले सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. कारण काय, तर बाजाररस्ता.

बाबांच्या फोनवर बातमी आली होती : ‘बाजाररस्त्यावर गाड्यांना बंदी, दुकानदारांच्या पोटावर पाय?’ काकांच्या फोनवर : ‘बाजाररस्ता अखेर मोकळा श्वास घेणार’. बाबांनी काकांना गरिबांचा वैरी ठरवलं, काकांनी बाबांना धुराचा दलाल. त्या रस्त्याला दोघंही कित्येक महिन्यांत फिरकले नव्हते. मथळ्याखालची बातमी वाचायची तसदी तर कोणीच घेतली नव्हती.

मथळेकाराला घास गिळवेना, कारण दोन्ही मथळे त्याचेच होते. तो कामाला होता त्या बातम्यांच्या वेबसाइटची रीतच तशी. एका बातमीला दोन मथळे लावायचे, अर्ध्या वाचकांना एक, अर्ध्यांना दुसरा, आणि ज्यावर जास्त बोटं पडतील तो ठेवायचा. हे दोन्ही असे काही चालले, की संपादकांनी त्याची पाठ थोपटली आणि दोन्ही ठेवले.

शेवटी आई म्हणाली, “आजपासून मी एकदाच वाढणार. उपाशी कोणी राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

मग मथळेकारानं दोघांना टेबलाशी बसवून सगळं कबूल केलं.

“बातमी एकच आहे. नगरपालिकेच्या समितीची बैठक झाली, बंदीचा निर्णय पुढे ढकलला. एवढंच.”

“एवढंच असतं तर दोन-दोन मथळे कशाला लिहिले असतेस?” काका म्हणाले.

“काहीतरी दडपतोय,” बाबा म्हणाले.

“दादा, पोरगा विकला गेला आपला.”

आठवड्यानं ती ‘दादा’ हाक ऐकू आली. बाबांचे डोळे पाणावले, त्यांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. आईनं लगबगीनं दोघांना एकदम वाढलं. मथळेकाराचं ताट मात्र स्वयंपाकघरात गेलं, फितुराबरोबर कोण जेवणार? त्याला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. भावाभावांचं जमलं ना, मग आपल्याला नावं ठेवली तरी बिघडलं कुठे.

तेवढ्यात बाहेरून काकांचा आवाज आला.

“या दुकानदारांनी पोरांनासुद्धा सोडलं नाही बघ, दादा.”

“दुकानदारांनी? अरे, नगरपालिकेनं विकत घेतलाय त्याला.”

मग दोन खुर्च्या मागे सरकल्या आणि दोन खोल्यांची दारं लागली.

आईनं भांड्यांवर झाकणं ठेवली. तिचं एकदा वाढून झालं होतं.