मधली रेघ

माग खोलीत मावला आणि खोली संपली. जुलैत नगरपालिकेच्या माणसांनी तो उभा करून दिला, तेव्हापासून दुन्याला दाराबाहेर पडायचं तर मागाच्या खालच्या तुळईवरून पाय टाकून, अंग तिरकं करूनच पडावं लागे. पलंग सासूच्या खोलीत गेला, कपाट जिन्याखाली गेलं. उरली मागासमोरची लांब फळी. तिच्यावर डावीकडे पेन्का, उजवीकडे दुन्या, आणि दुन्याच्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. पाळण्यात सात महिन्यांची कालिना.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाब्रेगमध्ये सात देशांतल्या सात मित्र-नगरांचा मेळा भरायचा होता. कुणी काचेची भांडी आणणार होतं, कुणी गाणाऱ्यांचा ताफा. झाब्रेगने आणि डोंगरापलीकडच्या, बल्गेरियातल्या चेर्नोवेत्सने मिळून एक किलीम, म्हणजे मागावर विणलेला सपाट गालिचा, द्यायचा, असं ठरलं. दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या किलीम विणत आलेली, आणि कुणी कुणाची नक्षी चोरली यावर तितक्याच पिढ्या भांडत आलेली. म्हणून एकाच मागावर दोघी. उजवा अर्धा दुन्याचा, त्यात झाब्रेगची कासवं. डावा अर्धा चेर्नोवेत्सहून आलेल्या पेन्काचा, त्यात चेर्नोवेत्सचे पक्षी. संस्कृती खात्याच्या मिओद्रागने आराखडा काढला आणि मधोमध पट्टी धरून सरळ रेघ मारली.

किलीममध्ये सरळ उभी रेघ म्हणजे फट. इकडचा धागा रेघेपर्यंत येतो आणि मागे वळतो, तिकडचाही तसाच वळतो, मध्ये जोडणारं काही राहतच नाही. चौथ्या दिवशी पेन्काने त्या फटीत चार बोटं घालून हलवून दाखवली.

"हा किलीम नाही, पोरी. ही दोन पायपुसणी शेजारी-शेजारी टांगलीत."

डोंगराच्या दोन्ही अंगांना बोली जवळपास एकच, शिव्या तेवढ्या वेगळ्या. त्यामुळे दोघींना दुभाष्या लागला नाही. त्यांनी चार दिवसांचं काम उसवलं आणि ठरवलं, दर ओळीला रेघेवर धागा धाग्यात अडकवायचा. दुन्याचा पेन्काच्या धाग्यात, पेन्काचा दुन्याच्या. काम दिसायला सुंदर. पण त्या दिवसापासून दुन्या पेन्काला बांधली गेली. आपली ओळ संपवून रेघेपाशी यायचं आणि थांबायचं.

उन्हाळ्यात थांबणं फार नव्हतं. पेन्का सत्तरीची, पण हात चालत होते. ऑक्टोबर लागला, डोंगरावरून गार वारा सुटला आणि पेन्काच्या बोटांचे सांधे लाकडासारखे झाले. आठवड्याला वीतभर चढणारा किलीम आता चार बोटं चढू लागला. वर अजून दोन विती बाकी होत्या.

आणि ग्राझला दुन्याचा नवरा ओग्न्येन वाट बघत होता. कालिना तीन आठवड्यांची असताना तो ऑस्ट्रियाला बांधकामावर गेला, तो गेलाच. आता कंपनीने कुटुंबासाठी दोन खोल्या दिल्या होत्या. एक नोव्हेंबरपर्यंत बायको-मुलगी आली तर त्या त्याच्या, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाच्या.

"किती राहिलं?" फोनवर तो रोज विचारी.

"सहा आठवड्यांचं."

"दुन्या, माझ्याकडे साडेतीन आहेत."

"मला माहीत नाही का?"

"मग तुझा अर्धा तू विणून टाक ना! ती म्हातारी सावकाश विणू दे तिचा. फट राहिली तर राहू दे, मागून टाके घाला. कोण बघतंय मागून?"

दुन्याने फोन पालथा ठेवला. बाहेर अंगणात सासू राडोइका लाल मिरच्या भाजत होती. तो धूर खिडकीतून येऊन लोकरीत, केसांत, दुधातसुद्धा शिरलाय असं तिला वाटे. सगळ्या गावात मिरच्या भाजण्याचे दिवस, बायका अंगणाअंगणांतून ओरडून बोलताहेत, आणि आपण इथे एक ओळ विणायची, थांबायची. एक ओळ, थांबायची.

दोन दिवसांनी मिओद्राग काम बघायला आला. तुळई ओलांडताना त्याची पँट खिळ्याला अडकली.

"कासवं झकास!" तो म्हणाला. "पण हे मध्ये असं का गुंतवताय? मी तर रेघ सरळ ठेवली होती."

"सरळ ठेवली तर फट पडते," दुन्या म्हणाली.

"पडू द्या की! पडलेली बरी." त्याने आवाज उतरवला, तरी पेन्काला ऐकू जाईलच इतका. "उद्याचं कुणी सांगावं? मेळा झाल्यावर त्यांचे महापौर म्हणाले, आमचा भाग आम्हाला द्या, तर? फट असली म्हणजे कात्रीसुद्धा लागत नाही."

खिडकीतून राडोइकाचा आवाज आला. "मिओद्राग, तू दुपट्यात होतास तेव्हापासून ओळखते तुला. तेव्हाही घाण करून दुसऱ्याकडे बोट दाखवायचास!"

"काकू, मी सोयीचं सांगतोय. दुन्याताई दहा दिवसांत मोकळ्या होतील."

दहा दिवस. तो गेल्यावर तो शब्द खोलीतच राहिला. पेन्का चष्मा पुसत म्हणाली, "जा तू. मी नाही अडवत. अडकवायला दोघी लागतात, तू नसलीस तर मी आपली सरळ विणेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुन्याने धागा रेघेपर्यंत आणला आणि अडकवला नाही. मागे वळवला. पुन्हा आणला, पुन्हा वळवला. हात असे पळायला लागले की बऱ्याच महिन्यांनी उतारावरून धावल्यासारखं झालं. विणलेला धागा दाबायचा लोखंडी पंजा धाड धाड ठोकत ती ओळीमागून ओळ बसवत गेली. दहा वाजेपर्यंत एक बोट चढलं. खिडकीबाहेरचा धूरही तिला आज बरा वाटला. ग्राझच्या त्या दोन खोल्यांत बाल्कनी आहे, ओग्न्येनने फोटो पाठवला होता. तिथे कालिनाचे कपडे वाळत घालायचे.

मग तिचं डावीकडे लक्ष गेलं. पेन्काची ओळ रेघेशी आली होती. सवयीने तिचा हात धागा घेऊन पुढे झाला, दुन्याचा धागा यायचा त्या जागी जरा थांबला. तिथे काही नव्हतं. हात गुपचूप मागे गेला. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. हात पुढे आला, थांबला, मागे गेला.

तिसऱ्यांदा दुन्याला ते बघवेना. तिने पंजा खाली टाकला आणि सकाळपासूनचं सगळं उसवायला घेतलं. उसवता उसवता रडत होती, रागाने. राग कुणावर हे तिला सांगता आलं नसतं.

"वेडी आहेस का?" पेन्का म्हणाली. "खोल्या जातील तुझ्या."

"मावशी, तुमचा पक्षी मला शिकवा."

"काय?"

"दोन्ही अर्धे मी विणते. एकच हात आरपार गेला तर थांबायला नको. तीन आठवड्यांत होईल. तुम्ही नुसतं सांगा."

पेन्काचा चेहरा मिटला. "पन्नास वर्षं माझ्या पक्ष्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. माझ्या सुनेचासुद्धा नाही. आणि झाब्रेगवालीला शिकवू? मेल्यावर शिक."

"मेल्यावर सांगणार कोण?" दारातून राडोइका म्हणाली. तिचे हात मिरच्यांनी लाल झाले होते. "बोटं वाळून चालली तुझी, आणि पक्षी काय बरोबर नेणार आहेस?"

"तू गप्प बस. तुमच्या आज्या आमच्याकडूनच चोरायच्या."

"चोरायच्या! मग आता नीट दे की एकदाचा, चोरायला नको."

पेन्का बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग फळीवरून उठली, पाळण्यातून कालिनाला उचलून मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकून बसली.

"काळे तीन घे," ती करड्या आवाजात म्हणाली. "मग दोन सोड. आणि बघ हं, माझा पक्षी तुमच्या कासवासारखा चालायला नको."

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत, आधीचे दिवस बरे होते असं म्हणायची दुन्यावर वेळ आली. आता तीन मीटर लांबीची सगळी फळी तिची. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायचं, पुन्हा उलटं सरकायचं. काळे तीन, दोन सोड. खांद्यात कळ येई, अंगावरचं दूध उतरून पोलकं भिजे, आणि पेन्काचा आवाज थांबत नसे. पक्ष्याचा डोळा तिने चार वेळा उसवायला लावला.

"आंधळा आहे हा."

"मला तर बघतोय असं वाटतं."

"बघतोय तो कासवाकडे. त्याने समोर बघायला हवं. उसव."

रेघ मात्र दुन्याने सोडली नाही. रेघेपाशी आली की रंग बदलायचा आणि नवा धागा जुन्यात अडकवायचा. आता वाट बघायला पलीकडे कुणी नव्हतं. तरी पहिले काही दिवस तिथे आल्यावर तिचा हात क्षणभर थबके.

एकोणतीस तारखेला किलीम मागावरून उतरला. मिओद्राग फोटोवाल्याला घेऊनच आला. त्याने रेघेवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. बोट कुठेच आत गेलं नाही.

"आणि त्यांनी त्यांचा अर्धा मागितला तर?"

"अख्खा द्या," पेन्का म्हणाली. "सहा महिने ठेवून घेतील, धुऊन परत करतील."

मिओद्रागने कपाळ पुसलं. "बरं, ते नंतर बघू. दुन्याताई, पंचवीस तारखेला मंचावर दोघी विणकरणी हव्यात. सात महापौर येतायत, पत्रिकेत छापलंय. तिकीट पुढे ढकला."

बॅगा भरून दारात होत्या. संध्याकाळची बस होती. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण इतक्या महिन्यांत ती कुणालाच नाही म्हणाली नव्हती.

"मी जाणार आहे," शेवटी ती म्हणाली. फारच हळू. मग मोठ्याने, "मी आज जाणार आहे, साहेब."

"अहो, पण मंचावर दोन बायका—"

"दोन म्हणजे दोन ना?" राडोइका एप्रनला हात पुसत पुढे आली. "मी बसते. चाळीस वर्षं कासवंच विणलीत मी."

"ही नको!" पेन्का ओरडली. "ही माझ्या उजवीकडे बसणार?"

"मग काय तुझ्या डोक्यावर बसू?"

मिओद्राग दोघींच्या मध्ये उभा राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. फोटोवाल्याने तेवढ्यात एक फोटो काढला.

दुन्याने कालिनाला कडेवर घेतलं. पेन्काने भांडण अर्धवट टाकून बाळाच्या टोपीची गाठ सैल केली, घट्ट केली, पुन्हा सैल केली. "ग्राझला थंडी फार असते म्हणतात," एवढंच म्हणाली आणि लगेच राडोइकाकडे वळली, कारण राडोइका तोवर मंचावर कोणता झगा घालायचा ते सांगायला लागली होती.

बस वेळेवर सुटली. दुन्याची सीट चाकावरची होती, पाय सरळ करायला जागा नव्हती. कालिना काचेला गाल लावून झोपली. झाब्रेग मागे पडलं तेव्हा दुन्याने ओग्न्येनला फोन लावला. तो उचलेपर्यंत तिला हुंदका आवरेना. पलीकडून तो "काय झालं? निघालीस ना? दुन्या, निघालीस ना?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला.