‘फेस्टिव्हल्स ऑफ इंडिया’च्या वेळेत

शैलजा देवपुजारी सहा वर्षं अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या केबल वाहिनीसाठी फुकटात कॅमेरा चालवत होती. दिवसा विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ‘ओल्ड मिल हिस्टरी सर्कल’च्या हॉलमध्ये अमेरिकन इतिहासावरचं व्याख्यान, थेट प्रक्षेपणासह. शेतांची दगडी कुंपणं कुणी रचली, यादवी युद्धात गावातून कोण कोण गेलं, स्वातंत्र्याआधी इंग्रजांच्या चहाच्या पेट्या समुद्रात कशा फेकल्या, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वक्ते बदलत, श्रोते तेच असत, आणि इतिहास नेहमी नुकताच इस्त्री करून आणल्यासारखा असे. शैलजाला फार स्वच्छ गोष्टींचा संशय येई. नोकरीच तशी होती.

यंदा अमेरिकेला अडीचशे वर्षं होणार, म्हणून सर्कलने ठरवलं की वर्षभराची व्याख्यानं गावातल्याच लोकांनी द्यायची. शैलजाने त्याच दिवशी फॉर्म भरला. विषय : १९२३. त्या वर्षी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, तेव्हा त्याला नागरिक होता येणार नाही. ज्याचा खटला होता, तो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्याचा गणवेश घातलेला माणूस. मग ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा कित्येकांचंही सरकारने काढून घेतलं. त्यांच्याशी लग्न केलेल्या काही बायका इथेच जन्मल्या-वाढलेल्या होत्या, त्यांचंही गेलं. शैलजाने हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला स्वतःला नागरिक होऊन नऊ वर्षं झाली होती. वाचून तिला भयंकर राग आला. नेमका कुणावर, ते शोधायला ती आणखी वाचत गेली आणि तीन वर्षं वाचतच राहिली.

फॉर्म मंजूर झाला. सर्कलच्या अध्यक्षा डोरोथीबाई म्हणजे गोड म्हातारी. त्यांनी ‘वंडरफुल!’ असं कळवलं आणि ‘तुमचे लोकही येतील ना?’ असं विचारायला मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. घोळ झाला तो इथे.

मंडळाचे अध्यक्ष श्रीराम पाध्ये यांनी तीस वर्षांत एकही फुकटचा हॉल वाया जाऊ दिला नव्हता. माइक दिसला की या गृहस्थांच्या हातून कार्यक्रमपत्रिका आपोआप तयार होते. गणपतीत होते, संक्रांतीला होते, एकदा तर एका शोकसभेतही होता होता राहिली. आठवड्याभरात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रंगीत पोस्टर झळकलं : ‘फेस्टिव्हल्स ऑफ इंडिया. गणेशवंदना, लेझीम, शैलजा देवपुजारी यांचे दोन शब्द, बटाटेवडे.’

शैलजा गाडी काढून थेट त्यांच्या दारात.

“भावजी, माझा टॉपिक कुठे गेला?”

“वहिनी, आधी बसा तर. चहा टाकायला सांगतो.”

“चहा नको. टॉपिक.”

“अहो, मी डोरोथीशी डिस्कस केलं. म्हटलं, फर्स्ट टाइम आपल्याला स्टेज मिळतंय तर समथिंग कलरफुल करू. तीपण खूश झाली. तुम्ही बोला की पाच मिनिटं. दिवाळी सांगा, गुढीपाडवा सांगा. सगळ्यांना बरं वाटेल.”

“लोकांना बरं वाटावं म्हणून मी तीन वर्षं वाचत नव्हते.”

श्रीरामभाऊंनी उठून दिवाणखान्याचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “वहिनी, सध्याची हवा बघताय ना? अशा वेळी टीव्हीवर जाऊन यांना यांचीच पापं ऐकवायची? आपल्या कादंबरीची ग्रीन कार्डची फाइल किती वर्षं अडकलीय, तुम्हाला माहितीये. ऑक्टोबरात तिचा व्हिसा रिन्यू व्हायचाय. उद्या कुणी क्लिप काढून व्हायरल केली, त्यात मंडळाचं नाव आलं, मग? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

कादंबरी म्हणजे त्यांची भाची. वूस्टरला एका कंपनीत इंजिनिअर, चौतीस वर्षांची, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या मांडण्यापासून खरकटं काढण्यापर्यंत सगळं करणारी.

“कादंबरीला विचारलंत?” शैलजा म्हणाली.

“त्यात विचारायचं काय? मी मामा आहे तिचा.”

ती घरी आली ती धुमसतच. नवऱ्याला, संजयला, सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “तुझं बरोबर आहे गं. पण तू सिटिझन आहेस, ती नाही. बोलणार तू, आणि निस्तरावं लागलं तर तिला लागेल.” हे मात्र शैलजाला लागलं. श्रीरामभाऊंचं तिने एका कानाने ऐकून सोडून दिलं असतं, पण संजयचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने कादंबरीला मेसेज केला : ‘मी बोलले तर तुला त्रास होईल असं वाटतं का? खरं सांग, मी राग मानणार नाही.’ निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मात्र तीन दिवसांत आलंच नाही.

ते तीन दिवस वाईट गेले. डब्लिनहून लेक आन्याचा फोन आला. “आई, यू हॅव टु डू इट. वॉट इज देअर टु थिंक?” तिला काय, ती अमेरिकेतच जन्मलेली. शैलजाला भीती वाटत होती आणि आपल्याला भीती वाटते याची तिला लाज वाटत होती. पण दोन्हींच्या तळाशी एक चीड होती, ती काही केल्या विझेना. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसांना गप्प करायला निदान न्यायालय तरी बसवावं लागलं. आपल्याला एक व्हॉट्सअ‍ॅप पोस्टर पुरलं. गुरुवारी सकाळी तिने ठरवलं, मंडळाचं नाव घ्यायचं नाही, कुणाच्या व्हिसाचा उल्लेख करायचा नाही, आपल्या जबाबदारीवर बोलायचं. पण बोलायचं.

संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. नेहमीचे पांढऱ्या केसांचे श्रोते आणि त्यांच्या मागे नऊवाऱ्या, फेटे, झब्बे. शैलजाने साडी नेसावी अशी डोरोथीबाईंची इच्छा होती. ती ऑफिसच्याच कपड्यांत आली. कॅमेऱ्यावर आज वॉल्टर होता, ऐंशीच्या घरातला निवृत्त पोस्टमन. कॅमेरा त्याला तिनेच शिकवला होता. गणेशवंदना झाली, लेझीम झाली, मुलं खरोखर छान नाचली आणि तिने मनापासून टाळ्या वाजवल्या. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

“आता पाहिलंत ते सुंदर होतं,” ती इंग्रजीत म्हणाली. “पोस्टरवर माझ्यासाठी लिहिलेला विषय मात्र चुकीचा आहे. मी सणांबद्दल बोलणार नाही. मी तुमच्या देशाच्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, आणि माझा देशही हाच आहे.”

पहिल्या पाच मिनिटांत वड्यांच्या प्लेटांचा आवाज थांबला. दहाव्या मिनिटाला श्रीरामभाऊ उठले, वाकून डोरोथीबाईंच्या कानाशी लागले. डोरोथीबाई गोंधळलेल्या चेहऱ्याने वॉल्टरकडे गेल्या. शैलजाला व्यासपीठावरून सगळं दिसत होतं. वॉल्टरने कॅमेऱ्यावरचा हात न काढता दुसऱ्या हाताने भिंतीवरचा कागद दाखवला. वाहिनीचा नियम होता तो : गावकऱ्याचं थेट प्रक्षेपण एकदा सुरू झालं, की मजकूर आवडला नाही म्हणून कुणी ते बंद करायचं नाही, जबाबदारी बोलणाऱ्याची. जबाबदारीच्या कागदावर शैलजाने सकाळीच सही करून ठेवली होती. डोरोथीबाईंनी नियम दोनदा वाचला, श्रीरामभाऊंकडे पाहून खांदे उडवले आणि पहिल्या रांगेत परत येऊन बसल्या.

शैलजा पस्तीस मिनिटं बोलली. आवाज चढवला नाही. तारखा सांगितल्या, निकालातली वाक्यं वाचून दाखवली, आणि नागरिक व्हायची वाट पुन्हा उघडायला १९४६ साल उजाडावं लागलं, तेही सांगितलं.

प्रश्नांची वेळ झाली. या हॉलची जुनी रीत अशी, की मधल्या वाटेतल्या माइकपाशी यायचं, आधी आपलं नाव, राहत्या रस्त्याचं नाव आणि गावात किती वर्षं झाली ते सांगायचं, मग प्रश्न. पहिल्यांदा एक उंच आजोबा उठले. नाव सांगितलं, रस्ता सांगितला, एकोणसत्तर वर्षं. म्हणाले, “फार जुनी गोष्ट आहे ही. आता तसं राहिलेलं नाही. मग आज तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवंय?”

“काही नको,” शैलजा म्हणाली. “चहाच्या पेट्यांची गोष्ट याहून जुनी आहे. ती तुम्ही दर वर्षी सांगता, मी दर वर्षी ऐकते. ही तुम्ही एकदा ऐका.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी घसा खाकरला. आजोबा मान हलवत जागेवर गेले. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. कादंबरी उठली होती. श्रीरामभाऊंनी तिचा दंड धरला. “खाली बस. कॅमेरा चालू आहे,” ते दबक्या आवाजात म्हणाले, पण पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“माहितीये मामा. सोड.”

त्यांनी सोडला नाही. तिने तो सोडवून घेतला आणि ती माइकपाशी आली. दोन्ही हात तिने पाठीमागे घेतले. ‘नको गं, बस खाली,’ असं शैलजाच्या ओठांपर्यंत आलं आणि हेच वाक्य आत्ताच दुसऱ्या कुणीतरी म्हटलंय, हे लक्षात येऊन तिने ते गिळलं.

“माय नेम इज कादंबरी लिमये,” ती म्हणाली. “मी लेक स्ट्रीटवर राहते. अकरा वर्षं. मी इथली सिटिझन नाही. ज्या लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं, ते कुठल्या ना कुठल्या गावात राहत असतील. त्यांना शेजारी असतील. त्यांच्या बाजूने कुणी उभं राहिलं का?”

“काही जण राहिले,” शैलजा म्हणाली. “मी नावं शोधत होते. फार थोडी सापडली.”

“ओके,” कादंबरी म्हणाली. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, रीतीप्रमाणे आता जागेवर जायचं होतं. ती गेली नाही. माइकपाशी तशीच उभी राहिली, कॅमेऱ्याकडे तोंड करून. वॉल्टरने तिच्यावरून कॅमेरा हलवला नाही.

मग मागून पावलं वाजली. श्रीरामभाऊ मधल्या वाटेने येत होते, तांबडेलाल झालेले, आणि शैलजाला वाटलं, आता हा माणूस पोरीला ओढून नेणार. ते भाचीच्या शेजारी येऊन थांबले. माइक खाली ओढून तोंडाशी धरला.

“श्रीराम पाध्ये,” ते म्हणाले. “हिलक्रेस्ट ड्राइव्ह. एकतीस वर्षं.”

पुढे प्रश्न विचारायचा असतो. त्यांच्याकडे प्रश्न नव्हता. त्यांनी माइक सोडला, कादंबरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेही तिथेच उभे राहिले.