वास गेलेलं पाणी

मी एक बरणी. काचेची, रुंद तोंडाची, काठाचा एक टवका उडालेली. घरात माझा विषय कोणी काढत नाही, म्हणून मीच बोलते.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या फार अपेक्षा होत्या. दुकानाच्या फळीवर मध आणि बदामांच्या गप्पा चालायच्या. या घरात आले आणि नशिबी आले सिरक्यातले कांदे. माझ्याजवळ कोणी नाक न दाबता यायचं नाही.

मग मुलाचा हट्ट सुरू झाला. नळाचं पाणी ओठाला लागलं की तो तोंड वाकडं करायचा. "आई, पाण्याला दवाखान्याचा वास येतो," म्हणायचा आणि तहानलेलाच शाळेत जायचा. आईचा जीव तुटायचा. शेजारीण म्हणाली, तो क्लोरीनचा वास, पाणी उघडं ठेवलं की बराचसा उडून जातो. झालं, आईने मला सोड्याने घासलं, उन्हात पालथं घातलं, हुंगलं, पुन्हा घासलं. पाण्याचा वास घालवण्याआधी माझा घालवावा लागला, याचं मला अजून हसू येतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती दोन पातेल्यांत पाणी वरखाली करायची, मग माझ्यात ओतून तोंडाला पातळ कापड बांधायची. सकाळपर्यंत वास निघून गेलेला असायचा. एकदा धूळ नको म्हणून बाबांनी वर घट्ट झाकण लावलं. मुलाने एकच घोट घेतला आणि विचारलं, "आज कोणी झाकलं?" बाबांनी पेपरात तोंड खुपसलं.

मुलगा मोठा झाला, नोकरीसाठी दूर गेला. आई मला भरतच राहिली. सकाळी ते पाणी कुंड्यांना जायचं. बाबा म्हणायचे, झाडांचे भलतेच लाड चाललेत. ती संध्याकाळी पुन्हा मला भरायची. मलाही मुलाची फार आठवण यायची. ओगराळं बुडवताना त्याचं मनगट माझ्या काठाला टेकायचं, ते मला हवंहवंसं वाटायचं.

परवा तो आला. आईने आदल्या दिवशीच मला लख्ख घासून भरलं होतं. तो घामाघूम आत शिरला, सरळ नळाशी गेला आणि ओंजळीने घटाघटा पाणी प्यायला. आईच्या हातातला ग्लास हातातच राहिला.

"अरे, वास नाही येत तुला?"

"सवय झाली गं. तिकडे कोण भरून ठेवणार?"

आई हसली, पण ओट्याकडे तोंड फिरवून. आपलं काम संपलं, हे तिला आणि मला एकदमच कळलं. मला भरून आलं, तशी मी भरलेलीच होते म्हणा.

तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याने कापड सोडलं, दोन ग्लास भरले, एक तिच्यापुढे धरला. "मला नळाचं चालतं," ती म्हणाली.

"आई, तू हे कधी प्यायलीच नाहीस?"

खरंच नव्हती. इतक्या वर्षांत माझ्यातला एक घोटही तिने घेतला नव्हता. आता त्याच्या आग्रहापुढे तिचं काही चाललं नाही. ती प्यायली, थांबली, ग्लासात बघत राहिली.

"इतका फरक पडतो होय?"

काल तो गेला. संध्याकाळी तिने पुन्हा पाणी वरखाली केलं, मला भरलं, कापड बांधलं. आज सकाळी आधी स्वतः ग्लासभर प्यायली आणि उरलेलं कुंड्यांना घातलं. दाराकडे मात्र तिने दोनदा बघितलं.

बाळा, आम्ही दोघी तुझी वाट पाहतोय. तोवर तुझ्या खोलीतही एखादी रुंद तोंडाची बरणी आण. संध्याकाळी भरून ठेवत जा. झाकण तेवढं लावू नकोस.