लाल गटातली नोंद

“हे लाल कार्ड गळ्यात घालायचं, की टेबलावर ठेवायचं?” तिने विचारलं.

संपादक हसले नाहीत. “टेबलावर, बाई. कोणाकडून काम कसं करून घ्यायचं, ते सगळ्यांना कळायला हवं.”

मुलांसाठीच्या विज्ञानकोशाचं ते कार्यालय. नोंदी लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून मागच्या आठवड्यात स्वभावाची एक प्रश्नावली भरून घेतली होती. आखणी करून लिहिणारे हिरव्या गटात, ऐनवेळी लिहिणारे लाल गटात. हिरव्यांना खरी तारीख सांगायची आणि लाल गटाला मुद्दाम तिच्या काही दिवस आधीची. शिवाय लाल गटाने सोमवारी नोंदीचा आराखडा द्यायचा. न दिल्यास नोंद हिरव्या गटाकडे जाणार.

ती मूळची शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. कार्यालयात तिला कडेलोटबाई म्हणत, कारण तिची पानं अखेरच्या दिवशी येत. त्यानंतर मात्र कधीच नाही. ही दुसरी बाब टोपणनावात मावली नव्हती.

“प्रश्नावली दुसऱ्यांदा भरून घेतलीत का?”

“कशाला?”

“एकच ताप दोनदा मोजला आणि आकडे वेगळे आले, तर आपण आधी थर्मामीटर तपासतो. रोग्याला औषध पाजत नाही.”

समोरच्या टेबलावर कोणीतरी खोकल्याआड हसलं. संपादकांना ते लागलं असावं. “घेऊ की पुन्हा. शास्त्र आहे ते, ज्योतिष नाही.”

पुन्हा घेतली. दोन हिरवे लाल झाले, एक लाल हिरवा झाला. मुदतीच्या कितीतरी आधी पानं देणारे, म्हणून ज्यांना सगळे आगाऊराव म्हणत, ते ज्येष्ठ सहकारीही लाल निघाले आणि खुर्चीत खचलेच. ती मात्र होती तिथेच होती. उलट गुण पाहता, पहिल्यापेक्षा अधिक लाल.

“बघा!” संपादक खुशीत म्हणाले. “तुमचंच हत्यार तुमच्यावर उलटलं.”

“निकाल मान्य आहे,” ती म्हणाली. “शिक्षा नामंजूर.”

“म्हणजे?”

“मी ऐनवेळी लिहिते, हे खरं आहे. पण तो दोष आहे, हे तुमच्या कोणत्या प्रश्नाने मोजलं? माझी एक तरी नोंद तारखेनंतर आली असेल तर दाखवा.”

“आली नाही, पण ती येईपर्यंत माझी झोप उडते, त्याचं काय?”

“मग ती तुमच्या स्वभावाची चाचणी झाली, साहेब.”

पहिलाच निकाल धरायचा, असं संपादकांनी जाहीर केलं. आगाऊराव पुन्हा हिरवे झाले. जिन्यात त्यांनी तिला गाठलं.

“खरं सांगू का बाई? पहिल्यांदा मी जसं असायला हवं तसं लिहिलं. आखणीबिखणी काही करत नाही हो मी. पान हातात राहिलं की खोडत बसतो. म्हणून देऊन टाकतो, चटका बसणारं भांडं खाली ठेवावं तसं.”

“आणि माझी नोंद तुमच्याकडे आली तर?”

“देऊन टाकीन,” ते ओशाळून म्हणाले.

नोंद ‘तोल’ या विषयावरची होती. ती तिने मागून घेतली होती. तिच्या थोरल्या बहिणीला अलीकडे वळताना भोवळ येई. डॉक्टर ‘वयानं होतं’ म्हणून मोकळे झाले होते. तेव्हापासून ताई घरातही भिंत धरून चालत असे आणि आपल्याला वेड लागतंय की काय, असं हळूच विचारत असे.

“दे की काहीतरी लिहून,” कपड्यांच्या घड्या घालता घालता ताई म्हणाली. “मुद्दा एक, मुद्दा दोन. कोण बघतंय?”

“मी बघते ना.”

“मोठी आलीस! जन्मालासुद्धा उशिराच आलीस. सुईण दोनदा परत गेली, आई नुसती वैतागली होती.”

“पहिलं वाक्य सापडल्याशिवाय मला पुढचं दिसत नाही, ताई. खोटा आराखडा दिला, की मग मी त्याचीच चाकरी करत बसते.”

प्रत्येक वाक्य ती आधी ताईला ऐकवी. घडी घालणारे हात थांबले तर वाक्य राही, चालू राहिले तर जाई. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण या विषयात तिला तेच एक माणूस हवं होतं.

सोमवारी तिने आराखडा म्हणून एक कागद दिला. ‘अजून माहीत नाही’ एवढंच त्यावर लिहिलं होतं, खाली सही. दुपारी नोंद आगाऊरावांकडे गेली आणि त्याच आठवड्यात लिहून झालीही. तिने ती बारकाईने वाचली. चूक एकही नव्हती, आणि तिने तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

पण लिहिणं तिने सोडलं नाही.

पुढे एका दुपारी ताई खिडकीपासून वळली आणि तिने झटकन खुर्चीची पाठ धरली. ताई खाली बसून पुन्हा कपड्यांकडे वळली, तशी धाकटी नोंदीतलं वाक्य ऐकवावं तसं सावकाश म्हणाली, “तुम्ही थांबलात, पण तुमच्या कानातलं पाणी अजून थांबलेलं नाही.”

ताईचे हात थांबले. “माझ्या कानात पाणी आहे?”

“सगळ्यांच्याच असतं. ते हलत राहतं, आणि मेंदूला वाटतं आपणच फिरतोय. तुझं जरा जास्त फसवतंय, इतकंच. खरं तर त्याला द्रव म्हणतात.”

“द्रव म्हणाली असतीस तर मी ऐकलंच नसतं.” ताईने हातातली घडी बाजूला ठेवली. “म्हणजे वेड नाही म्हणायचं.”

“नाही.”

उरलेली नोंद त्यानंतर सरळ उतरत गेली.

हिरव्या गटाच्या फलकावर लिहिलेल्या खऱ्या तारखेला ती पानं घेऊन संपादकांसमोर उभी राहिली.

“आता कशाला, बाई? जागा भरली.”

“ठाऊक आहे. पोच द्या.”

“न छापायच्या मजकुराची पोच?”

“वेळेवर आलेल्या मजकुराची.”

संपादकांनी तिच्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं. मग खण उघडून शिक्का काढला आणि तिच्या प्रतीवर टेकवला. ठसा पुसट उमटला. तारीख वाचता येत नव्हती.

तिने कागद परत त्यांच्याकडे सरकवला.

“पुन्हा मारा,” ती म्हणाली, आणि ते शाईची गादी शोधेपर्यंत तिथेच उभी राहिली.