सातव्या कलमातली माणसं

"खालच्या सभागृहाने एकदा हो म्हटलंय ना, मग वरच्यांना परत कशाला खाज?" कागदाच्या गठ्ठ्यांनी लादलेली ढकलगाडी ढकलत शिपाई पुटपुटला. "तेच विधेयक, तीच कलमं, आणि पाठ माझी."

त्याच्याबरोबर एक कारकून बाई चालली होती, वरचा गठ्ठा घसरू नये म्हणून त्यावर हात ठेवून. "मागच्या वर्षी खालच्यांनी असंच घाईत हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "वरच्यांनी शेवटचं पान वाचलं म्हणून कळलं, नाहीतर आंधळ्यांना मत द्यायला जाताना सोबत माणूस नेता आला नसता."

"ते असेल हो. पण या चाकाला तेल द्यायचं तेवढं कुठलं सभागृह मंजूर करतं, ते सांगा."

कुरकुरणारं चाक जवळ आलं तसे ठकीच्या आईने बाकाखाली पाय ओढून घेतले. गाडी अगदी नाकासमोरून गेली. वरच्या कागदावर ठळक अक्षरांत विधेयकाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'कलम सात: तपासणी व उपचारास पात्र व्यक्तींची यादी'. दीड दिवसाचा प्रवास करून ती इथे आली होती ती याच यादीसाठी. तिच्यासारख्या धुणीभांडी करून संसार रेटलेल्या बाईला देशाच्या कायद्याबद्दल विचारायला बोलावलंय, यावर तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता. पत्र स्वतः वाचूनही तिने चार जणांकडून परत वाचून घेतलं होतं. चौघांनी एकच सांगितलं, तेव्हा कुठे तिने पिशवी भरली.

शेजारी ठकी बसली होती. चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, बसमध्ये कंडक्टर. हे टोपणनाव लहानपणी पडलं ते पडलंच. डेपोतसुद्धा तिला ठकीच म्हणत. पूर्वी तिची हाक मागच्या दारातून ड्रायव्हरच्या कानापर्यंत खणखणीत जायची. दोन वर्षं झाली, ती नुसती घंटी वाजवायची.

त्या दोन वर्षांत ठकीला चित्रांची आवडही जडली होती. मघाशी या इमारतीचा जिना चढताना तिने प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरच्या जुन्या सभापतींच्या तसबिरी न्याहाळल्या. "मिशा बघ आई, काय झुबकेदार आहेत," असं म्हणत ती कठड्याला धरून उभी राहायची, आणि खांदे वरखाली होत राहायचे. आईसुद्धा मिशा बघायची. घरात सगळे तसंच करायचे. जावई म्हणायचा, वजन वाढलंय. ठकी म्हणायची, बसचा धूर. आई म्हणायची, हवा पालटली की होतं असं. डॉक्टरांनी दिलेलं छातीच्या फोटोचं पाकीट कपाटामागे उभं करून ठेवलेलं होतं आणि कपाट झाडायला कुणीच सरकवत नव्हतं.

ठकीचा बाप सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता. पत्र्यांत एक पांढरा तंतुमय भुगा मिसळायचे. तो भुगा माणसांच्या छातीत जाऊन बसायचा, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं मुकाट बसायचा आणि मग उठायचा. ठकीचा बाप त्यानेच गेला, त्याच्याबरोबरचे बरेच गेले. कारखाना बंद पडला. आता कायदा येत होता: ज्यांनी अशा कारखान्यांत काम केलं, त्यांची दरवर्षी तपासणी आणि आयुष्यभर उपचार सरकार करील. खालच्या सभागृहात तो मंजूरही झाला. पण यादीत लिहिलं होतं फक्त 'कामगार'.

ते खटकलं मास्तरांना. मास्तर वरच्या सभागृहात त्यांच्या प्रांताचे सदस्य. त्याआधी चाळीस वर्षं शाळेत. वस्तीत आले असताना त्यांनी दारादारांत जाऊन एकच विचारलं होतं, "कामावरचे कपडे घरी कोण धुवायचं?" ठकीच्या आईने सांगितलं, "मी." मास्तरांनी वहीत लिहून घेतलं, आणि महिन्याभराने पत्र आलं.

ती खोटं बोलली नव्हती. धुवायची तीच. पण धुण्याआधी एक काम असायचं. चारचा भोंगा झाला की नवरा मागच्या पायरीवर येऊन सदरा काढायचा, आणि तो सदरा भिंतीवर दोनदा आपटून, कॉलरला धरून झटकावा लागायचा, नाहीतर पाण्यात त्या भुग्याचा चिकट चोथा व्हायचा. सुरुवातीला ते तीच करायची. तिच्या हातांना खाज सुटायची, डोळे चुरचुरायचे. ठकी नऊ वर्षांची झाली आणि स्वतःहून म्हणाली, मी करते, तेव्हा तिने हुश्श केलं आणि काम लेकीला देऊन टाकलं. उन्हात भुगा चमचमायचा. ठकी त्याला चांदी म्हणायची आणि त्यात गिरक्या घ्यायची. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून हसायची.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे ठकीच्या छातीत काय आहे ते ठकीच्या तोंडावर बोलायचं, आणि ते तिथे कुणी घातलं, तेही.

"चला, अजून तासभर आहे. खालचं सभागृह दाखवतो तुम्हाला," म्हणत मास्तर आले. अंगाने काडी, आवाज मात्र अजून वर्गातला. त्यांनी दोघींना लिफ्टने प्रेक्षकांच्या गॅलरीत नेलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

खाली विहिरीसारखं गोल, प्रचंड दालन होतं. पायऱ्यापायऱ्यांनी खुर्च्या, आणि निम्म्या रिकाम्या. ठकीच्या आईचा जरा हिरमोडच झाला. कुणी कागद चाळत होतं, कुणी जांभई देत होतं, आणि एक गृहस्थ रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून मोठ्या पोटतिडकीने कालव्याबद्दल बोलत होते.

इतक्यात घंटा झाली. एक नाही, सगळ्या इमारतीभर, जिन्यांत, कॅन्टीनमध्ये, कुठेकुठे. आणि माणसं धावत आली. सगळ्या दारांतून आली. कुणी तोंड पुसत, कुणी चष्मा शोधत, एक बाई पायाला प्लास्टर असताना कुबडीवर उड्या मारत. ज्यांची तोंडं ठकीच्या आईने भिंतीभिंतींवर चिकटवलेली पाहिली होती, ते मोठमोठे लोक शाळा भरल्यासारखे धापा टाकत आत शिरत होते. मग दारं लागली. 'हो' म्हणणारे एका बाजूने निघाले, 'नाही' म्हणणारे दुसऱ्या, आणि दोन्हीकडे एकेक माणूस बोटाने मोजत उभा. मंत्री आला, बोट एकदा हललं. कुबडीवाली आली, बोट एकदाच हललं.

ठकीची आई कठड्यावरून पुढे वाकून बघत राहिली. एवढी माणसं, एवढे झगडे, आणि शेवटी एका बोटापुढून निमूट जातात.

"यात आपले दोन," मास्तर कुजबुजले.

"एवढ्यांत दोनच?"

"आपण माणसंच तेवढी आहोत. खाली माणसांच्या हिशेबाने खुर्च्या. वरच्या सभागृहात मात्र प्रत्येक प्रांताला सहा. राजधानीला सहा, आपल्या ओसाडीलाही सहाच."

ती विचार करून म्हणाली, "म्हणजे खाली डोकी मोजतात, वर चुली."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं शिकवलं हो मी हे. इतकं सोपं मला कधी जमलं नाही."

"उभी राहा आता निवडणुकीला," ठकी म्हणाली.

"बसून पाय दुखतायत माझे, उभी कुठली राहू?"

पुढच्या बाकावरचा रखवालदार मागे वळला, तशी दोघी मायलेकी तोंड दाबून गप्प झाल्या.

बाहेर आल्यावर मास्तरांनी पुढचं समजावलं. "आज तुम्ही समितीपुढे बोलाल. त्यातला शब्द न शब्द टिपला जाईल आणि छापून कायमचा ठेवला जाईल. मग समिती यादीत दोन शब्द घालेल: 'आणि पत्नी'. वरच्या सभागृहाने मानलं की ते दोन शब्द परत खाली जातील. तिथे पुन्हा घंटा होईल आणि ही सगळी पुन्हा धावत येतील."

"माझ्या धुण्यासाठी?"

"तुमच्या धुण्यासाठी."

तिने मागे वळून त्या बंद दारांकडे पाहिलं. देवळातही तिला कधी एवढं लहान वाटलं नव्हतं, आणि त्याच वेळी एवढं मोठंही. आणि मग ते दोन शब्द तिने मनात परत म्हणून पाहिले. आणि पत्नी. त्यात ती मावत होती. ठकी मावत नव्हती.

समितीची खोली मात्र साधी निघाली. लांब टेबल, पाण्याचे पेले, खिडकीत कुणीतरी हौसेने लावलेली कुंडी. टेबलाभोवती नऊ सदस्य. मधे अध्यक्षीणबाई, केस पांढरेशुभ्र आणि पेन्सिल टोकदार. कोपऱ्यात एक मुलगी यंत्रावर भराभर शब्द उतरवत होती. पाच मिनिटांनी दुसरी आली, पहिली उठली, आणि मधल्या क्षणाचा एक शब्दही सांडला नाही. ठकीच्या आईला टेबलाच्या टोकाला खुर्ची दिली. ठकीला मागे, भिंतीला टेकून. सोबत आलेल्यांनी बोलायचं नसतं.

"घाबरू नका," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "इथे आम्हाला माहीत नाही, तुम्हाला आहे. म्हणून तुम्हाला बोलावलं."

असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. ती सांगू लागली. भोंगा, पायरी, सदरा, बादली. ती बोलत होती तशी नऊ माणसं ऐकत होती, आणि कोपऱ्यात बोटं हलत होती. तिने मुद्दाम एकदा थांबून पाहिलं. बोटंही थांबली.

मग करड्या कोटातले एक सदस्य पुढे झुकले. "बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण आज पत्नी घातली, उद्या शेजारी येतील, परवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर बसणारे कावळे. यादीला कुठेतरी शेवट हवा की नको?"

"कावळे बसत नव्हते साहेब आमच्या दोरीवर," ती म्हणाली. "त्यांना अक्कल होती."

दोघेतिघे हसले. करडा कोटही हसला, दिलखुलास. त्याच्या शेजारी एक डॉक्टर सदस्य होते. ते हसले नाहीत, हातातला कागद वाचत होते. "हा तुमच्या छातीच्या फोटोचा अहवाल. समितीसाठी मागच्या आठवड्यात काढलेला. तुम्हाला काही त्रास?"

"गुडघ्यांचा आहे."

"छाती स्वच्छ आहे तुमची. अगदी स्वच्छ." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. आवाजात दुष्टपणा नव्हता, उलट ओशाळलेपणा होता. "वीस वर्षं हे कपडे धुतलेल्या बाईची छाती स्वच्छ आहे. मग अध्यक्षमहोदया, 'आणि पत्नी' हे शब्द आपण कशाच्या आधारावर घालायचे?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ते कसल्या विचारात पडले होते ते तिला दिसत होतं: त्यांनी आणलेली साक्ष त्यांच्याच दुरुस्तीवर उलटली होती. करड्या कोटाने सावकाश वही मिटली.

"तुम्हाला यावर काही सांगायचंय का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "नसेल तरी चालेल."

नसेल तरी चालेल. उठावं, घरी जावं. जिन्यातल्या मिशा बघत, हवा पालटली म्हणत. यादी 'कामगार'वर थांबेल, ठकीबद्दल कुठेच काही लिहिलेलं नसेल आणि कपाट कुणी सरकवणार नाही. मागे खुर्ची करकरली. ठकी खोकला दाबत होती. तिचा तो तोंड मिटून दाबलेला खोकला आईला गर्दीतही ओळखू आला असता.

तिला ती विहीर आठवली, दारांतून धावत येणारी माणसं, आणि प्रत्येकापुढे एकदाच हलणारं ते बोट. ते बोट ठकीपुढे हलायला हवं असेल, तर ठकी त्या दारातून जायला हवी. आणि ते दार होतं इथे, या टेबलाच्या टोकाला.

"सांगायचंय," ती म्हणाली. ती वळली नाही. वळली असती तर जमलं नसतं. कोपऱ्यातली बोटं यंत्रावर येऊन थांबली होती.

"धुवायची मी. ओले कपडे धुवायची, ओला भुगा उडत नाही, म्हणून माझी छाती स्वच्छ. कोरडे कपडे झटकायची माझी मुलगी. मला खाज सुटायची म्हणून ते काम मी तिला दिलं. ती नऊ वर्षांची होती साहेब. सोळा वर्षांची होईपर्यंत रोज झटकायची. तिच्या बापाला झालं होतं तेच आता तिला झालंय. ती ही बघा, माझ्या मागे बसलीय."