कुंकू लागलेला कडू भोपळा

मी भोपळा बोलतोय. लगेच विळी शोधू नका. मला चिरायची वेळ कधीच टळून गेली. आता मी पळसदेवला भीमेच्या पाण्यात असतो. खाली नदी, वर माणसं. पण एका गोष्टीचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. बी होतो तेव्हापासून मी स्वतःला गोड समजत होतो.

माझा जन्म सणसरचा. नीरेच्या कालव्याच्या अंगाला कुंडलिकचं घर. घरात तो, त्याची आई छबूबाई, बायको फुला आणि चौदा महिन्यांची लेक बनी.

छबूबाईचा बियाण्यावर फार जीव. दरसाल ती भोपळ्याच्या बिया ओल्या शेणात थापायची आणि ती चकती गोठ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवायची. शेणात बीला कीड लागत नाही. त्या साली भिंतीवर दोन चकत्या होत्या. एक घरी खायच्या दुधीची. दुसरी कडू भोपळ्याची, ती तिच्या भावासाठी, गेणबासाठी. गेणबा पळसदेवला सांगड चालवायचा. म्हणजे वाळलेले भोपळे जाळ्यात बांधायचे, वर बाज टाकायची आणि माणसं नदीपार न्यायची. त्याला कडूच भोपळा लागे, कारण कडू सालीला किडा तोंड लावत नाही.

आमच्या भागातला दुधी लांबट नसतो, तांब्यासारखा गोल असतो. कडूही तसाच. बाहेरून ओळखायला काही नाही. म्हणून छबूबाई गोड चकतीवर कुंकवाचं बोट उमटवायची आणि कडूवर कोळशाची फुली मारायची.

माघात बनीच्या जावळाला पाहुणे यायचे होते. फुलानं हौसेनं घर सारवायला काढलं. गोठ्याची भिंत तिनं पांढऱ्या मातीनं पोतारली. पोतेरं फिरत फिरत आमच्यावरूनही गेलं. आत आम्हाला एकदम गार लागलं आणि बाहेरून आवाज आला, “आगं बाई!”

दोन्ही चकत्यांवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या.

“कुकू उजवीकडं व्हतं का डावीकडं?” ती पुटपुटली. “आत्याबाईस्नी इचारावं तर म्हंतील, सात यत्ता शिकली आन् बी राखायची अक्कल न्हाय.”

ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या बोटाला कुंकू होतं. बोट आधी शेजारच्या चकतीपाशी थांबलं, मग आमच्यापाशी आलं आणि आमच्यावर टेकलं. शेजारणीवर कोळशाची फुली पडली.

आत आम्ही बिया आनंदानं दाटून गेलो. आता कसली शंका? कुंकू लागलं! आम्ही गोड!

पाहुणे येऊन गेले. फुलीवाली चकती पळसदेवकडं निघालेल्या गाडीतून गेणबाकडं गेली. आम्हाला छबूबाईनं परड्यात, न्हाणीचं पाणी जातं तिथं आळं करून लावलं. शेजारी वांगी होती, घेवडा होता, मांडवाच्या पलीकडच्या खुंटाला दोडका होता. पाटाला पाणी आलं की कुंडलिक पाण्याचा एक छोटा दंड आमच्याकडं फोडायचा. फाल्गुन सरता सरता आमचा वेल गोठ्याच्या छपरावर चढला. पांढरी फुलं आली. पाठोपाठ आम्ही आलो, लवदार, लिंबाएवढे.

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, असं तिकडं मानतात. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. फुला बनीला कडेवर घेऊन यायची आणि मुडपलेल्या बोटानं म्हणायची, “त्यो बग भोपू.” बनीला मुडपणं कुठलं कळतंय? तिनं सरळ बोट केलं, आणि नुसतं केलं नाही, माझ्या अंगात खुपसलं. इवलंसं नख माझ्या सालीत रुतलं.

“आगं आगं! सडंल की त्यो!” छबूबाई चुलीपासून धावत आली.

मी सडलो नाही. नखाची ती कोर माझ्याबरोबर वाढत गेली आणि तिचा चंद्र झाला. मला तर तिचं भूषणच वाटायचं. वाटायचं, बनीच्याच ताटात मी जाणार.

फुला मात्र आमच्याकडं बघताना हसायची नाही. एकदा पाणी घालताना ती माझ्या थोरल्या भावाला हलक्या आवाजात म्हणाली, “तुला म्याच चिरणार. शेंडा म्याच चाटून बगणार. कडू निघालास तर गुपचूप उकिरड्यात.” मला राग आला. कुंकू लावायचं आणि वर असं बोलायचं? हिला झालंय तरी काय, असं वाटलं.

चैत्रात बनीला गोवर आला. नऊ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. दहाव्या दिवशी ताप उतरला आणि पोरगी भूक भूक करायला लागली. छबूबाई म्हणाली, “आता तिला हलकं द्यायचं. दुधीवानी थंड काय न्हाय.”

फुला एकदम म्हणाली, “म्या चिरते, आत्याबाई. गोधड्या धुऊन येते आन् चिरते.”

“ये जाऊन. घाई न्हाय.”

फुला गोधड्या घेऊन कालव्यावर गेली. पण भुकेल्या नातीचं रडणं आजीला ऐकवतं का? तिनं थोरल्याला तोडला आणि विळीवर बसली. मागचं दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. शेंडा कापला. दरवेळी ती तो जिभेला लावायची. त्या दिवशी तो हात ओठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. चतुर्थी होती. उपास होता. तिनं गोठ्याच्या भिंतीकडं पाहिलं, स्वतःशीच म्हणाली, “कुकवाचं बी हाय, चाखायचं काय?” आणि शेंडा बाजूला टाकला.

दुधी शिजला. मऊ भातात कालवला. पहिला घास बनीनं थुंकला.

“तापानं तोंड गेलंय हिचं,” छबूबाई म्हणाली. “गिळ, माजी बाय.” दुसरा घास तिनं बोटानं आत सारला. बनी किंचाळली. तिसराही गेला.

तेवढ्यात फुला आली. दारात ओल्या गोधड्या, चुलीपाशी साली, बनीच्या ओठाला भात. तिनं गोधड्या तिथंच टाकल्या आणि ताटलीतला घास स्वतःच्या तोंडात घातला.

तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्या चेहऱ्यावरून मला माझी चव कळली.

मी कडू? कुंकू लागलेला मी?

बनी ओकायला लागली. एकदा, दोनदा, मग मोजायचं कुणाला सुचलं नाही. कुंडलिक मळ्यातून धावत आला. कुणी तूप आणलं, कुणी वैदूला आणायला पळालं. पोरगी आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली होती. डोळे अर्धे उघडे, पण कुणाकडं बघत नव्हते.

“कुकवाचं बी कडू कसं निघंल?” छबूबाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. “माज्या हातनं लावलेलं बोट हाय ते!”

“तुमचं न्हाय, आत्याबाई.” फुलाचा आवाज फाटला. “खूण म्या पुसली. पोतारताना पुसली. नंतर अदमासानं लावली. म्या चाखणार व्हते वो! म्याच चिरणार व्हते!”

कुंडलिक तिच्याकडं असा पाहत राहिला, जणू ही बाई तो पहिल्यांदाच बघतोय. छबूबाईचा हात वर उठला. मला वाटलं, आता पडतो फुलाच्या गालावर. तो तिच्या स्वतःच्या कपाळावर पडला.

“चाळीस वर्सं भोपळा चिरती म्या. शेंडा चाटल्याबिगर कदी चिरला न्हाय. आन् आज उपास धरून बसले! चाटला असता तर देव काय खात व्हता मला?” तिनं तो टाकलेला शेंडा शोधला आणि कचाकचा चावला. डोळ्यांतून पाणी आलं तरी चावत राहिली. फुलानंच तिच्या हातातून तो ओढून घेतला.

दिवस मावळायला बनीनं डोळे नीट उघडले. आईकडं बघितलं आणि म्हणाली, “पानी.” फुलानं पाणी दिलं, आणि ते पोटात राहिलं. तेव्हा कुठं ती रडली. छबूबाईही. दोघी एकाच पदरात.

सकाळी कुंडलिक विळा घेऊन आला आणि त्यानं आमचा वेल बुडातून तोडला. आम्हाला काढून टाकावं एवढंही त्याला वाटलं नाही. आम्ही छपरावर तसेच लटकत राहिलो. वैशाखाच्या उन्हात पानं झडली, अंग आटलं, आत बिया खडखडायला लागल्या. वांग्यांना पाणी मिळत होतं, घेवड्याला मिळत होतं. आमच्याकडं कुणी मान वर करून बघत नव्हतं.

मग एक दिवस गेणबा आला, तो दारातूनच ओरडत.

“आक्का, तू मला भोपळं दिलंस का पेढं? पयला एकानं चाखला आन् निम्म्या गावानं भाजी करून खाल्ली! मांडवावर एक ऱ्हायला न्हाय. माजी सांगड का कढईत तरंगवू?”

कुणी हसलं नाही. छबूबाईनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. त्यानं बनीला जवळ घेतलं आणि तिच्या पोटावरून हात फिरवत राहिला. मग उठून परड्यात आला आणि मला बोटानं वाजवलं. टण!

“हे माजं हायेत,” तो म्हणाला. “वाट चुकून तुमच्या घरी आल्याले.”

अशी माझी रवानगी पळसदेवला झाली.

पुढल्या मार्गशीर्षात फुला बनीला घेऊन काठावर आली. तिचं माहेर पैलतीरी, भावाचं लगीन होतं. बाजेखालचे भोपळे तिनं पाहिले आणि पाय मागं घेतला.

“मामा, हे कुठलं?”

“तुज्याच येलाचं, पोरी.”

तिनं बनीला छातीशी आवळलं. तोंड पांढरंफटक पडलं. “ह्यांच्यावर? हिला घिऊन? म्या न्हाय बसायची.”

“आगं, कडू हायेत म्हणूनच तर बुडत न्हाईत. गोड असतं तर आतापतोर किड्यांनी पोखरलं असतं.”

ती कितीतरी वेळ उभी राहिली. शेवटी बसली, डोळे मिटून. मी अंग ताठ केलं. एवढा जीव लावून मी कधी तरंगलो नव्हतो. एका बाजूनं पाणी लोटत होतं आणि माझ्यावर तेच दोन जीव होते.

मधल्या धारेला बनी वाकली. बाजेच्या कडेला माझा चंद्र तिला दिसला. तिनं सरळ बोट केलं आणि त्या खाचेत टेकवलं. खाच आता तिच्या नखापेक्षा मोठी होती.

फुलाचा हात सवयीनं ते बोट मुडपायला पुढं आला. मग थांबला. तिनं ते बोट तसंच राहू दिलं. आता सडायला माझ्यात उरलंच काय होतं?

पैलतीरी उतरताना तिनं वाकून माझ्या सालीला हात लावला. रागानं की मायेनं, ते मला अजून कळलेलं नाही.

आयाबायांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमची चव आम्हालाही ठाऊक नसते. भोपळा चिरला की शेंडा आधी जिभेला लावा. कुंकू कुणाच्याही हातचं असो, तरी लावा. उपास असला तरी लावा.